देवमाशासाठी नेलेला हार

अमरावती,
मार्गशीर्षातला शनिवार. (तारीख लिहिली असती, पण कॅलेंडरच्या खिळ्याला तुझ्या सासऱ्यांनी टोपी अडकवली आहे.)

ती. मंजुषाताईच्या पायांशी,

धाकट्या शेखरचा साष्टांग नमस्कार. मनातल्या मनात घातला आहे, कारण स्टुडिओत आडवं होण्याइतकी जमीन मोकळी नाही; तिथे झेंडू वाळत घातला आहे, आणि तो का, ते पुढे येईलच. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा बसलेला घसा उठला का? अकोल्यात यंदा थंडी बरी आहे म्हणतात, तेव्हा पहाटे भिजलेल्या फुलांत हात घालताना जपून. इकडे सर्व क्षेम. म्हणजे मामाजी क्षेम आहेत. (सासरे तुझे, पण तू मामाजी म्हणतेस म्हणून मीही तेच म्हणतो.) माझं काही विचारू नकोस.

आजच्या काळात हा कागद कशाला, असं तुला वाटेल. फोन करावा तर मामाजी शेजारीच बसलेले असतात आणि फोन ठेवायच्या आत "कोन होय?" विचारतात. मोबाईलवर लिहावं तर घरच्या ग्रुपवर ते पहाटेपासून हजर, आणि माझ्या मोबाईलचं कुलूप कसं उघडतं ते त्यांनी बोटीवरच बघून ठेवलंय. तेव्हा पाकीट आणि पोस्ट. मोकळेपणानं लिहिता येईल अशी एवढी एकच जागा मला उरली आहे.

ताई, तू मोठी बहीण, तुझा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही आणि त्याचीच फळं खातो आहे. तुला आठवतं ना, तू काय म्हणाली होतीस? सासूबाई गेल्यापासून मामाजी बोलेनासे झालेत. दुकानात बसतात, हार ओवतात, गिऱ्हाईकानं काही विचारलं तर मान हलवतात. एरवी "अवं, सुई दे", "अवं, गिऱ्हाईक आलं", "अवं, पाह्य कोन आलं" ही त्यांची हाक फुलबाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू यायची, ती बंद झाली म्हणून शेजारचे दुकानदारसुद्धा हळहळतात. तुझा स्वर रडवेला होता. समुद्र दाखवून आण रे, म्हणालीस. बोटीच्या एका कोपऱ्यात बसून राहतील, तुला कळणारसुद्धा नाही कोणी सोबत आहे ते. ताई, हे वाक्य मी फ्रेम करून भिंतीवर लावणार आहे.

आणि वेळ कोणती? मी आयुष्यात पहिल्यांदा लग्न सोडून दुसऱ्या कशाचं तरी चित्रण करायला निघालो होतो! वडाळीच्या तलावात डुंबणाऱ्या म्हशींचं मी मागे चित्रण केलं होतं. (नवरीचा मेकअप लांबला होता आणि वऱ्हाड तिकडच्याच मंगल कार्यालयात होतं.) ते मुंबईच्या एका संस्थेला आवडलं, आणि नव्या लोकांकडून समुद्रातल्या देवमाशावर माहितीपट करून घ्यायचा म्हणून त्यांनी मला निवडलं. म्हैस काय नि देवमासा काय, पाण्यात बुडतो आणि श्वासाला वर येतो, असा मी हिशोब केला. तुळशीचं लग्न लागल्यावर एकही लग्न घेणार नाही, असं सगळ्या कॅटरर्सना, बँडवाल्यांना आणि ब्राह्मणांना कळवून टाकलं. दुकानावरची जुनी पाटी काढली आणि 'शेखर वन्यजीव चित्रण' अशी नवी लावली. आता हा देवमासा मिळाला नाही तर पाटी पुन्हा बदलावी लागणार आणि सगळा राजकमल चौक हसणार, हे तुला ठाऊक होतं. तरी तू मामाजी दिलेस.

अकोल्याहून निघालो तेव्हा ते खरंच गप्प होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. गाडी माझा भागीदार शाकीब चालवत होता. (ड्रोनवाला. तुझ्या लग्नात ज्याचा ड्रोन मांडवाच्या झालरीत अडकला होता तो.) मामाजी मागच्या सीटवर, मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बसले होते. मी विचारलं नाही. म्हातारं माणूस, असेल भाकरी. पातूर आलं आणि रस्त्याच्या कडेला एका लग्नाची कमान लागली. कमानीला प्लास्टिकची फुलं. झालं! "हे कोन्या भैताडानं लावलं बाप्पा?" असा मागून आवाज आला आणि शाकीबचा ब्रेकवरचा पाय दचकला. कित्येक महिन्यांनी तो माणूस बोलला होता, म्हणून मी कौतुकानं मागे वळून "काय म्हणता मामाजी?" असं विचारलं. ही माझी चूक. तिथून मालवणपर्यंत त्यांचं तोंड मिटलं नाही. प्लास्टिकचा झेंडू, बंगलोरहून येणारा झेंडू, आजकालच्या नवऱ्या, शाकीबचं गिअर टाकणं, घाटातली वळणं, सगळ्यांचा समाचार झाला. शाकीब पहिल्या दिवशी हसत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं कानात बोळे घातले, तर मामाजींनी त्याला सर्दीनं कान बसलेल्या माणसाचा उपचार सांगितला.

गोणपाटात भाकरी नव्हती. हार होता. झेंडू आणि शेवंतीचा, मध्ये गुलाबाचे तुरे, दोन माणसांनी धरावा एवढा. देवमाशासाठी! आपल्याकडे पाहुणा शिवेवर आला की रिकाम्या हातानं सामोरं जायचं नाही, आणि हा तर नावातच देव असलेला पाहुणा, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी सांगितलं कुणाला, तर संस्थेनं आमच्यावर देखरेखीसाठी पाठवलेल्या रागिणी मॅडमना. मॅडम पुण्याच्या, समुद्री जीवांचा अभ्यास केलेल्या, वागायला अतिशय नम्र. त्यांनी समजावलं की समुद्रात काहीही टाकायचं नाही. मामाजी म्हणाले, "काहून? नायलॉन नाई वापरत आमी, सुती दोऱ्यात ओवलाय." हे ते रागावून म्हणाले नव्हते, ते तसंच बोलतात हे तुला-मला माहीत, पण मॅडमचा चेहरा उतरला. (त्यात पुढचा प्रश्न, "पोरी, लगन झालं का तुहं?" आणि नाही म्हटल्यावर "काहून?") शेवटी तह झाला. हार टाकायचा नाही, नुसता दाखवायचा. देव कुठे नैवेद्य खातो, दाखवला की पावतो, असं मामाजींनीच तोडगा काढला आणि मॅडमनी नाइलाजानं मान हलवली.

समुद्राबद्दल मी काही लिहीत नाही. ज्या माणसानं ऊर्ध्व वर्ध्याच्या धरणापलीकडे पाणी पाहिलेलं नाही, त्यानं तू दिलेला मिरचीचा ठेचा खाऊन बोटीत चढू नये, एवढं मात्र तुझ्या माहितीसाठी. मी एका कठड्याला, शाकीब दुसऱ्या कठड्याला. बोटीच्या तांडेलानं, म्हणजे ती चालवणाऱ्या माणसानं, आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पोटात उरलेलंही वर आलं. मामाजींना काही झालं नाही. ते मध्यभागी मांडी घालून बसले, आमच्या वाटच्या सांबारवड्या खाल्ल्या आणि तांडेलाला मासे आणि फुलं यांच्या बाजारातलं साम्य समजावत राहिले. दोन्ही सकाळीच विकावं लागतं, संध्याकाळी वास येतो, वगैरे. तांडेल कमी बोलणारा. देवमासा दिसेल का, असं मी विचारलं की तो फक्त "गावतलो" म्हणायचा. म्हणजे सापडेल. कधी, ते नाही सांगायचा.

पहिल्या दिवशी मासा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, पण शाकीबनं ड्रोन उडवला. ताई, तुला माहीत आहे, लग्नात नवरा-नवरी स्टेजवर आली की शाकीबचा ड्रोन त्यांच्या डोक्यावर जातो आणि खालची पेटी उघडून गुलाबाच्या पाकळ्या सोडतो. ती पेटी त्यानं काढून ठेवली होती, असं तो म्हणतो. ती मामाजींनी पुन्हा बसवून भरली, असं मी म्हणतो. (मामाजी म्हणतात, रिकामी होती म्हणून भरली, त्यात काय?) शांत निळं पाणी, मॅडम श्वास रोखून पडद्यावर बघतायत, आणि एकदम पडदाभर गुलाबी पाऊस. मॅडमनी ड्रोन खाली उतरवायला लावला, त्याच्या खोक्यात घालून त्यावर स्वतः बसल्या आणि परत येईपर्यंत उठल्या नाहीत. आमच्याकडे आता फक्त दोन कॅमेरे राहिले.

यानंतर मामाजींनी मला धीर दिला. धीर कसला, हैराण केलं. नवरदेवाला उशीर झाला म्हणून कुणी मांडव सोडून जातं का? पारावर वरात नाचत असेल. येईल. दर थोड्या वेळानं ते गोणपाटावर पाणी शिंपडायचे आणि हार पुन्हा झाकायचे. तिसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर, इंजिन बंद, बोट डुलतेय, मी कॅमेरा खांद्यावर धरून अवघडलोय, आणि हे मला म्हणतात की तुमच्या धंद्यात बसून राहाचेच पैसे भेटत असतीन. मी त्यांना हात जोडून गप्प राहायची विनंती केली. ते बरं म्हणाले आणि तांडेलाकडे वळले.

आणि मग तो आला. ताई, मी तुला कसं सांगू! बोटीच्या अगदी जवळ पाणी फुगलं, त्यातून काळसर पाठ वर येऊ लागली, येतच राहिली, संपेचना, आणि 'फुस्स' असा एवढा मोठा श्वास सुटला की तुषार आमच्या अंगावर आले. सगळे ओरडले. कॅमेरा चालू होता, माझ्या खांद्यावर होता, नीट होता. आता हा पुढचा भाग भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते जानराव फोटोग्राफर मला पहिल्याच लग्नात म्हणाले होते, "अंतरपाट पडला का सारी दुनिया नवरीकडं पाह्यते. तू नवरीच्या मायकडं पाह्य." ते मी इतकी वर्षं पाळलं. 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या, की माझा कॅमेरा आपोआप स्टेजवरून फिरतो आणि आईच्या, मामाच्या, कोपऱ्यातल्या आजीच्या चेहऱ्यावर जातो. माझ्या चित्रणाला लोक रडतात ते त्याच्यामुळे. ताई, देवमाशाची पाठ वर आली, गलका झाला, आणि माझे हात फिरले! माझी शपथ, मी नाही फिरवले, ते फिरले. मासा डावीकडे, आणि माझा कॅमेरा उजवीकडे मामाजींच्या तोंडावर. बरं, दुसरा कॅमेरा शाकीबकडे. पण आमची वाटणी ठरलेली: वधूपक्ष मी घ्यायचा, वरपक्ष त्यानं. त्याचा कॅमेरा मॅडमच्या आणि तांडेलाच्या चेहऱ्यावर. मासा पुन्हा बुडाला, पाणी सपाट झालं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शाकीबचा रंगच उडाला होता. "भाई," तो म्हणाला, "दुल्हा तो किसीने लियाच नै."

त्यानंतर तो काही पुन्हा दिसला नाही. रागिणी मॅडमनी संध्याकाळी किनाऱ्यावर सगळं चित्रण शांतपणे पाहिलं. पाणी, पाकळ्या, पाणी, चेहरे. "छानच आहे," त्या म्हणाल्या, "पण यात देवमासा कुठे आहे?" आवाज आहे, म्हटलं. तो 'फुस्स' फार स्वच्छ आला आहे. मग त्या म्हणाल्या की जे आहे ते जोडून पंधरवड्यात पाठवा. वरची मंडळी बघतील आणि पसंत पडलं तर माघात पुन्हा एकदा बोट देतील. नाही पडलं तर नाही. म्हणजे माझी पाटी आता त्या चेहऱ्यांवर टांगली आहे.

आणि अशा वेळी, ताई, माणसाला एकांत नको का? परत येताना मामाजी अकोल्याला उतरलेच नाहीत. फिल्म जोडताना बघायची आहे म्हणाले. तेव्हापासून इथे मुक्काम आहे. संगणकासमोरच्या माझ्या खुर्चीवर ते, स्टुलावर मी. पाणी लई दिवस दाखवून राहिला, काप थोडं, अशा सूचना. आलेल्या प्रत्येकाला ते देवमाशाचं वर्णन सांगतात. शेजारचा झेरॉक्सवाला आता स्वतःच बोटीवर होता असा बोलतो. कुणी लग्नाची विचारपूस करायला आलं तर "आमी लगन घेत नाई आता" असं मला न विचारता सांगून परत पाठवतात. आणि तो हार! देवमाशाला दाखवलेला हार टाकायचा नाही म्हणून त्यातली फुलं मोकळी करून माझ्या स्टुडिओभर वाळत घातली आहेत. त्याचं बी धरणार आहेत. मी दोन झेंडूंच्या मधून पाय टाकत चहा करायला जातो.

तेव्हा तुला कळकळीची विनंती, पत्र मिळालं की पहिल्या रविवारी भाऊजींना पाठव आणि मामाजींना घेऊन जा. ते बोलत नव्हते म्हणून तू रडत होतीस ना? आता ऐक पोटभर. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा जेरीस आलेला भाऊ,
शेखर

ता. क. – रविवारी भाऊजींना पाठवू नकोस. तू ये. त्याचं कारण वर लिहिलं नाही, कारण लिहिता येत नव्हतं. तो मासा वर आला तेव्हा मामाजींचा जो चेहरा मी घेतलाय ना, त्यात त्यांनी एका हातात हार उंच धरला आहे. दुसरा हात मागे केलाय, कुणाला तरी पुढे ओढून घ्यावं तसा. आणि ओरडतायत, "अवं, पाह्य! लवकर पाह्य वं, चाल्ला थो!" मागे कोणी नव्हतं, ताई. मागे नुसती दोरीची गुंडाळी होती. मॅडमना वाटलं, त्यांनाच हाक मारली. त्या "हो काका, बघतेय" म्हणाल्या तेही आलंय. मग मामाजी मागे वळून बघतात आणि त्यांचा हात तसाच राहतो. मी आजवर इतक्या नवरींच्या आया घेतल्या, पण असं काही माझ्या हातून आलेलं नाही. आमच्या चित्रणात दाखवण्याजोगं तेवढंच आहे, आणि ते त्यांना विचारल्याशिवाय दाखवायची माझी छाती होत नाही. हा भाग आला की मी लाइट गेल्यासारखं करून संगणक बंद करतो. तू ये, त्यांच्याशेजारी बस आणि तू विचार. नको म्हणाले तर मी तो काढून टाकीन, नुसतं पाणी पाठवीन आणि जुनी पाटी लावीन. माझी काही तक्रार राहणार नाही.

आणखी ता. क. – हे पाकीट मामाजींच्याच हाती देतो आहे. ते पोस्टाकडेच फिरायला निघालेत.

मंजुषाले वामनरावचा आशीर्वाद. पाकिटाले डिंक बरोबर नोता लावला म्हून वाचलं. (लावला असता तरी वाचलं असतं.) लय खोटं लिवते हा पोरगा. रस्त्यानं मी बोललो नाई एवढा, शाकीबच बोले. पेटी मी भरली थे खरं हाय.

थो भाग मी कवाचाच पाह्यला. शेखर भाजी आनाले गेला तवा शाकीबनं दाखवला, म्या दोन खेपा लावाले लावला. त्यात लपवाचं काय हाय? नवं काई दिसलं का तिले हाक माराची सवय हाय, थे मानूस गेल्यानं जाते काय? राहू द्या म्हना. अन् फिलिमीच्या खाली नाव टाकतेत थे माहं टाकू नोका, सुंदराबाई असं टाका. लगनात उखान्यात घेतलं होतं हे नाव, त्याच्यानंतर आज लिवलं.

मले न्यायले कोनी येऊ नोका. तू ये, फिलिम पाह्य, दोन दिवस राह्य. येताना सुती दोऱ्याचा मोठा गुंडा अन् माही लांब सुई आन. माघात पुन्हा जाचं हाय. ह्या दोघायनं मासा पाह्यलाच नाई, मी पाह्यला डोयानं. नेला होता थो हार त्याच्या शेपटीलेबी पुरत नाई.